कोकणात प्रोजेक्ट टाकायचाय? आधी फिजिबिलिटी, मग विसार

सध्या कोकणात ज्याच्या त्याच्या तोंडी जागेचाच विषय आहे. कुणी मुंबईतला फ्लॅट विकलाय, कुणाची रिटायरमेंटची रक्कम आलीये, कुठे चार मित्रांनी मिळून कोटभर जमवलेत आणि सगळ्यांचं बोलणं फिरून तिथंच येतं, की दापोली-गुहागरकडे नाहीतर मालवण-वेंगुर्ल्याकडे एकरभर जागा घ्यायची, दहा-बारा रो हाऊस काढायची आणि विकून मोकळं व्हायचं. ह्यात चुकीचं काहीच नाही, आपल्याकडे चांगली कामं झाली तर गावात चार पैसे येतात, गवंड्यापासून दुकानदारापर्यंत सगळ्यांना काम मिळतं. पण बहुतेक जण जागा बघतात, समुद्र दिसतोय म्हणून खुश होतात, विसार, म्हणजे व्यवहार पक्का करायची आगाऊ रक्कम, देतात आणि मग इंजिनिअर शोधायला लागतात. क्रम बरोबर उलटा पाहिजे, आणि तो का उलटा पाहिजे हे नीट समजावं म्हणून हे लिहितोय.

फिजिबिलिटी स्टडी म्हणजे काय, तर ह्या जागेवर, एवढ्या पैशात, एवढ्या वेळात, अमुक बांधलं तर ते कायद्याने उभं राहू शकतं का, विकलं जाईल का आणि शेवटी आपल्या हातात काय उरेल, ह्याचं उत्तर पैसे अडकायच्या आधी काढणं. बस एवढंच. आर्किटेक्टने काढलेलं रंगीत थ्रीडी चित्र म्हणजे फिजिबिलिटी नाही. बँकेला द्यायला बनवलेला प्रोजेक्ट रिपोर्ट पण नाही, कारण तो लोन मंजूर व्हावं ह्या हेतूने लिहिलेला असतो. आणि जागा विकणाऱ्याच्या माणसाने व्हॉट्सअपवर पाठवलेला नफ्याचा हिशोब तर नाहीच नाही. ज्याला हा व्यवहार झाला काय आणि मोडला काय, काही फरक पडत नाही अशा माणसाकडून करून घेतलेला अभ्यास तो खरा, म्हणजे त्याची फी ठरलेली पाहिजे, व्यवहारावर टक्का नको.

ह्यात चार गोष्टी बघायच्या असतात, कायदा, जमीन-पाणी, गिऱ्हाईक आणि पैसा. ह्यातली एक जरी आडवी आली तरी प्रोजेक्ट बुडतो, बाकी तीन कितीही चांगल्या असल्या तरी. म्हणून जी तपासणी स्वस्त आहे आणि जिच्यात प्रोजेक्ट मरू शकतो ती सगळ्यात आधी करायची. सातबारा, फेरफार आणि नकाशे बघायला काही हजार रुपये लागतात, माती तपासायला त्याहून जास्त, डिझाईनला त्याहून खूप जास्त. लोक नेमकं डिझाईनपासून सुरू करतात.

आता सातबारा. कोकणातला सातबारा घाटावरच्यासारखा नसतो. भोगवटादाराच्या रकान्यात वीस-पंचवीस नावं, त्यातले निम्मे मुंबईकर, काही जण वारलेत पण वारस नोंद झालेली नाही, बहिणींची नावं लागलीत पण त्यांना कोणी विचारलेलंच नाही, आणि समोर बसलेला माणूस म्हणतोय की सगळी जमीन मीच कसतो, मीच सही देतो. सामाईक खात्यातला एक सहहिस्सेदार जरी कोर्टात गेला तरी तुमचं काम अडकू शकतं. मग इतर हक्काचा रकाना. तिथं कुळाचं, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचं, नाव आहे का, जमीन वर्ग 1 आहे (मालक मोकळेपणी विकू शकतो अशी) की वर्ग 2 (विकायला सरकारी परवानगी लागते अशी), कुळकायद्याने मिळालेली असेल तर कलम 43 चा, म्हणजे परवानगीशिवाय विकता येत नाही असा, शेरा आहे का, हे सगळं बघायचं. कलम 43 ची जमीन असली म्हणजे लगेच सोडून द्यायची असं नाही, खरेदीच्या दाखल्याला दहा वर्षं उलटली असतील तर शेतसाऱ्याच्या आकारणीच्या चाळीस पट रक्कम भरून मार्ग निघतो, पण ते आधी माहीत पाहिजे म्हणजे वेळ धरता येतो. आणि 'खाजगी वन' असा शेरा दिसला तर तिथंच थांबायचं आणि वकिलाकडे जायचं, कारण 1975 च्या खाजगी वने संपादन कायद्याखाली आलेली जमीन हा फार वेगळा विषय आहे, तिच्यावर साधं बांधकामाचं स्वप्न बघण्यात अर्थ नाही. आंबोली-चौकुळ-गेळे भागात कबुलायतदार गावकर जमिनीचा, म्हणजे गावाने मिळून धरलेल्या जमिनीच्या मालकीचा, प्रश्न वर्षानुवर्षं चालू आहे, तिथलं काही बघत असाल तर गावातल्या जाणत्या माणसाशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

जमीन शेतीची असेल आणि तुम्ही शेतकरी नसाल तर 1948 च्या कुळकायद्याचं कलम 63 आडवं येतं, परवानगीशिवाय ती तुमच्या नावावर होत नाही. हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण 'बघू, करू काहीतरी' म्हणून पुढं ढकलतात. हे पुढं ढकलू नका.

रस्त्याचं तर काय सांगायचं. जागेपर्यंत गाडी गेली म्हणून रस्ता आहे असं होत नाही. कुणाच्या तरी कलमांच्या बागेतून भाऊबंदकीच्या समजुतीवर गाडी जात असते, किंवा वरच्या वाडीला जाणारी पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, असते आणि तिलाच रस्ता म्हणून दाखवतात. गावाच्या नकाशात रस्ता आहे का, ग्रामपंचायतीच्या 23 नंबरला, म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीत, नोंद आहे का, आणि त्याची रुंदी किती, ही तिन्ही उत्तरं कागदावर पाहिजेत. कारण 2020 च्या डिसेंबरमध्ये आलेल्या एकत्रित विकास नियमावलीत, म्हणजे यूडीसीपीआरमध्ये, किती बांधता येणार हे झोनबरोबर रस्त्याच्या रुंदीवर पण ठरतं. दोन एकर जागा आणि अरुंद रस्ता, तर दोन एकराचा फायदा कागदावरच राहतो.

सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगत बांधकामावर बंधनं असलेला पट्टा, हा तर इथला सगळ्यात मोठा प्रश्न, आणि इथं गैरसमज पण सगळ्यात जास्त. लोकांना वाटतं समुद्र दिसत नाही म्हणजे सीआरझेड नाही. पण भरतीचं पाणी खाडीतून कितीतरी आत जातं, दाभोळच्या खाडीचं पाणी वाशिष्ठीतून पार चिपळूणच्या गोवळकोटपर्यंत येतं, म्हणजे समुद्रापासून लांबच्या गावातली खाडीकाठची जागा पण सीआरझेडमध्ये असू शकते. 2019 च्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण किनाऱ्यावर, जिथं 2011 च्या जनगणनेत लोकसंख्येची घनता चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त आहे तिथं समुद्राच्या भरतीरेषेपासून 50 मीटर ना-विकास क्षेत्र, आणि त्याहून कमी असेल तिथं 200 मीटर. आता रत्नागिरी जिल्ह्याचीच घनता 200 च्या आत आहे, त्यामुळे आपल्या बहुतेक गावांना 200 मीटरचाच विचार करावा लागतो, 50 मीटर ऐकून हुरळून जायचं नाही. आणि भरतीरेषा म्हणजे आपण पौर्णिमेला उभं राहून बघतो ती नव्हे, ती अधिकृत संस्थेने मंजूर नकाशावर काढलेली रेषा असते. तुमचा गट नंबर त्या नकाशावर बसवून घ्यायचा, कोणता नकाशा सध्या लागू आहे तेही विचारायचं. कांदळवन असेल तर 2018 च्या मुंबई हायकोर्टाच्या निकालाप्रमाणे जमीन खाजगी असली तरी त्याच्याभोवती 50 मीटरचा पट्टा मोकळा सोडावा लागतो. खाडीकाठच्या चाळीस गुंठ्यांतले दहा-पंधरा गुंठे असेच निघून जातात, आणि पैसे मात्र चाळीस गुंठ्यांचे दिलेले असतात.

नदीकाठ असेल तर निळी आणि लाल पूररेषा बघायची. निळी म्हणजे साधारण 25 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. 22 जुलै 2021 ला चिपळूणमध्ये काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय, बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी. त्याच दिवशी महाडजवळच्या तळियेवर दरड आली. डोंगर कापून पायऱ्या करून बंगले बसवायचे असतील तर भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडप्रवण भागाचे नकाशे आणि भूगर्भ जाणणाऱ्या माणसाचं मत घेतल्याशिवाय जेसीबी लावायचा नाही. हे मी फक्त पैशासाठी सांगत नाही, त्या घरात उद्या माणसं झोपणार आहेत.

ह्यानंतर जमीन आणि पाणी. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, मग पाण्याचं काय टेन्शन, असं घाटावरच्या गुंतवणूकदाराला वाटतं. पण इथलाच सडा, म्हणजे डोंगरमाथ्याचं कातळी पठार, एप्रिल-मेमध्ये बघा, टँकर फिरत असतात. वरचा जांभा दगड सच्छिद्र, पाणी आत शिरतं आणि उतारावरून झऱ्या-वहाळांनी निघून जातं, जमिनीत टिकत नाही. त्यामुळे जागा दोनदा बघायची, एकदा मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि एकदा जुलैत. मेमध्ये शेजारच्या विहिरींना किती पाणी आहे ते उतरून बघायचं, दोरी सोडून मोजायचं, मालकिणीला विचारायचं की किती तास पंप चालतो आणि परत भरायला किती वेळ लागतो, चव घेऊन बघायची, कारण किनाऱ्याजवळ उपसा वाढला की विहीर मचूळ होते. आणि जुलैत त्याच जागेवर पाणी कुठून येतं, कुठं तुंबतं, शेजाऱ्याच्या आगरातून वाहून येणारा ओहोळ तुमच्या प्लॉटमधून जातो का, हे दिसतं. मार्चमध्ये जो खड्डा छान सपाट वाटतो तो जुलैत तळं असतो.

सांडपाण्याकडे कोणी लक्षच देत नाही. बारा घरं म्हणजे बारा संडास-बाथरूम, वापर वाढला की दिवसाला हजारो लिटर सांडपाणी. ते साध्या शोषखड्ड्यात सोडलं तर जांभ्यातून सरळ खालच्या वाडीच्या विहिरीत उतरतं. मग गाव भांडतं, आणि गावाचं बरोबरच असतं. त्यामुळे सांडपाण्याच्या प्रक्रियेची जागा आणि खर्च पहिल्या हिशोबातच धरा.

माती तपासायची म्हणजे दोन-तीन ठिकाणी खड्डे घेऊन बघायचं. वर कडक जांभा लागला म्हणून सगळे निश्चिंत होतात, पण त्याच्याखाली बऱ्याच ठिकाणी पांढरट-पिवळट चिकट मातीचा थर असतो, भिजला की साबणासारखा होतो, आणि उतारावर कापणी केली की तोच घात करतो. पाया किती खोल जाणार, संरक्षक भिंत लागणार का, हे त्या खड्ड्यावर ठरतं, आणि संरक्षक भिंत हा खर्च हिशोब पार बदलून टाकतो.

वेळेचं गणित पण कोकणाचं वेगळं आहे, आणि माझ्या मते हेच सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. उघड्यावरचं काम ऑक्टोबर ते मे, म्हणजे आठ महिने. पावसात चिऱ्याच्या, म्हणजे बांधकामाच्या जांभा दगडाच्या, खाणी बंद, मातीकाम बंद. त्यात गणपती आणि शिमग्याला स्थानिक कारागीर सुट्टीवर, आणि ते असणारच, तो त्यांचा हक्क आहे. आता समजा परवानगी मार्चऐवजी मेमध्ये आली, तर उशीर दोन महिन्यांचा नसतो, पाया सरळ पुढच्या ऑक्टोबरवर जातो. व्याज मात्र चालूच.

गिऱ्हाईकाचा अभ्यास म्हणजे 'सगळे मुंबईकर घेतातच' असं म्हणणं नाही. नोंदणी विभागाच्या साईटवर इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा उतारा, काढून त्याच गावात, शेजारच्या गावात खरे व्यवहार किती रुपयांना झालेत ते बघा. महारेराच्या, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, साईटवर त्याच तालुक्यातले प्रोजेक्ट उघडा, किती युनिट बुक झालेत आणि किती शिल्लक ते तिथं दिसतं. तीन वर्षांत पंधरापैकी सहा गेली असतील तर तुमची बारा एका वर्षात जातील असं धरायला काय आधार आहे ते स्वतःला विचारा. आणि येणाऱ्या प्रोजेक्टांवर भाव लावू नका. नाणारला रिफायनरी येणार म्हणून जमिनींची किती चर्चा झाली, 2019 मध्ये अधिसूचनाच रद्द झाली. मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण दहा वर्षांहून जास्त रखडलं. सिंधुदुर्गातलं चिपीचं विमानतळ 9 ऑक्टोबर 2021 ला सुरू झालं पण विमानसेवा काही सलग टिकली नाही. उलट अटल सेतूचं उद्घाटन 12 जानेवारी 2024 ला झालं आणि मुंबईहून अलिबागकडे येणं खरोखर सोपं झालं. म्हणजे जे चालू झालंय ते हिशोबात धरा, जे होणार आहे ते बोनस समजा.

आता पैसा, आणि इथं जरा आकडे मांडूनच बघू. हे आकडे समजुतीसाठी घेतलेत, तुमच्या तालुक्यात वेगळे असतील. चाळीस गुंठे जागा, बारा रो हाऊस, प्रत्येकी 60 लाख, म्हणजे विक्री 7 कोटी 20 लाख. बाराशे फुटाचं एक घर, 2200 रुपये फुटाने बारा घरांचं बांधकाम साधारण 3 कोटी 17 लाख. रस्ता, गटार, विहीर, सांडपाणी, ट्रान्सफॉर्मर मिळून 60 लाख. मोजणी, एनए (जमीन बिनशेती करणं), आर्किटेक्ट, परवानग्या 30 लाख. जाहिरात आणि दलाली 36 लाख. व्याज 55 लाख. एकूण खर्च झाला 4 कोटी 98 लाख, उरले 2 कोटी 22 लाख. एवढी जोखीम घेऊन विक्रीच्या वीस टक्के, म्हणजे 1 कोटी 44 लाख तरी सुटावेत असं धरलं तर जमिनीसाठी राहतात 78 लाख, स्टॅम्प ड्युटी धरून. म्हणजे गुंठ्याला 1 लाख 95 हजार. हा फिजिबिलिटीचा सगळ्यात कामाचा आकडा. मालक तीन लाख मागतोय, आजूबाजूला तीनचा भाव आहे, हे सगळं खरं असेल, पण तुमच्या प्रोजेक्टला ही जमीन एक पंच्याण्णवच्या वर परवडत नाही. लोक जमिनीचा भाव बाजाराला विचारतात, तो आपल्या हिशोबाला विचारायचा असतो.

बरं, तरी घेतली तीन लाखाने, म्हणजे 1 कोटी 20 लाख. नफा राहिला 1 कोटी 2 लाख. वाईट नाही, असं वाटतं. आता नकाशावर भरतीरेषा बसवली आणि बाराऐवजी नऊच घरं बसली असं समजा. विक्री 5 कोटी 40 लाख, बांधकाम 2 कोटी 38 लाख, जाहिरात-दलाली 27 लाख, पण रस्ता-पाणी-परवानग्या-व्याज जवळपास तेवढंच, कारण रस्ता नऊ घरांना पण तेवढाच लांब लागतो. खर्च गेला 4 कोटी 10 लाखावर, जमिनीचे 1 कोटी 20 लाख वजा केले की हातात 10 लाख. त्यात एक पावसाळा चुकला आणि व्याज 25 लाखांनी वाढलं की 15 लाखांचा तोटा. बांधकाम वाईट झालं नाही, कोणी फसवलं नाही, गिऱ्हाईक पण आलं, तरी तोटा. म्हणून रिपोर्टमध्ये एकच आकडा देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, घरं कमी बसली तर काय, भाव दहा टक्के पडला तर काय, एक हंगाम गेला तर काय, हे वेगवेगळं करून मागा.

पैशाच्या येण्याजाण्याचं पण बघावं लागतं. जागा 500 चौरस मीटरपेक्षा जास्त आणि घरं आठपेक्षा जास्त असली की महारेराची नोंदणी आली, आणि मग गिऱ्हाईकाकडून आलेल्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात, काम जितकं होईल तितकेच काढायचे, तेही इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि सीएच्या दाखल्यावर. रजिस्टर्ड करारनामा केल्याशिवाय दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. वर ताबा दिल्यावर पाच वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी तुमच्यावर, आणि खाऱ्या हवेत सळ्या गंजायला वेळ लागत नाही. हे नियम चांगलेच आहेत, पण 'बुकिंगच्या पैशात बांधकाम निघेल' ह्या जुन्या हिशोबावर उतरलेल्या माणसाची त्यात कोंडी होते.

जागा हातची जाईल ह्या भीतीने विसार द्यावाच लागत असेल तर छोटा द्या, आणि विसार पावतीत किंवा साठेकरारात लिहून घ्या की मोजणी, सर्च रिपोर्ट (जमिनीच्या मालकीचा वकिलाने घेतलेला शोध), सीआरझेडचा नकाशा आणि रस्त्याची नोंद ह्यांत अडचण निघाली तर अमुक दिवसांत रक्कम परत. प्रामाणिक मालक ह्याला नाही म्हणत नाही. जाहीर नोटीस पण द्या, मुंबईत बसलेला चुलता त्या नोटिशीवरूनच फोन करतो, आणि तो फोन व्यवहाराआधी आलेला बरा.

आणखी एक, हे मला मनापासून सांगायचंय. हा अभ्यास फक्त पैसेवाल्यांनी करायचा नाही. गावातल्या ज्या कुटुंबाला कोणी येऊन सांगतं की काका, जमीन तुमची, बांधकाम आमचं, चार घरं तुम्हाला देतो, त्या काकांनी पण हेच प्रश्न विचारले पाहिजेत. बारा घरं म्हणताय ती कशावरून, नऊ बसली तर माझी चार राहणार की तीन होणार? मध्येच पैसे संपले तर जमिनीवर कुणाचं कर्ज असेल? आमची विहीर, देवळाकडे जाणारी पाखाडी, गुरांचा रस्ता नकाशात कुठं आहे? समोरच्याकडे फिजिबिलिटी रिपोर्ट असेल तर त्याची प्रत मागून घ्या आणि तालुक्याच्या एखाद्या स्वतंत्र इंजिनिअरला फी देऊन दाखवा. आणि ते सही करायच्या आधी, सगळ्या भावंडांना, बहिणींना सुद्धा, समोर बसवून वाचून घ्या.